चारशे तेरा पिंपं

सप्टेंबर सरत आला की आमच्या गावात
शाळेला तीन आठवडे कुलूप.
सण नव्हे, साथ नव्हे,
बटाट्यांची सुट्टी.
मेन राज्याचा हा वरचा कोपरा. नदीपलीकडे कॅनडा.
घरात फ्रेंच, शाळेत इंग्रजी,
आणि शेतात काहीच नाही,
कारण तोंड उघडलं की माती.

पहाटे साडेपाचला ट्रक यायचा.
हौद्यात आम्ही दहा-बाराजण
एकमेकांच्या खांद्यावर उरलेली झोप उरकत.
खणणारं यंत्र सरी उलटवत पुढे जाई
आणि मागे ते उघडे पडत,
फिकट, गार, असंख्य.
दोन पायांत टोपली, कंबरेत वाकून
दिवसभर जमिनीशीच काय ते बोलणं.
टोपली भरली की पिंपात,
पिंप भरलं की वर माझं तिकीट : सत्तेचाळीस.
एका पिंपाला चाळीस सेंट.
अर्ध्या पिंपाला काही नाही.

माझा भाऊ रेआल दिवसाला पन्नास भरायचा, शीळ घालत.
मी तेवीस.
एकदा त्याच्या पिंपावर मी माझं तिकीट ठेवलं.
त्यानं पाहिलं.
शीळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली.
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी मादाम सीर यांच्या कोठारात होती,
कोंबड्यांच्या ताब्यात.
सत्तावन्न सालची रॅम्बलर, रंग शिळ्या वाटाण्याचा,
उजवं दार कायमचं बसलेलं,
चालकाच्या पायाखाली हातभर भोक,
त्यातून रस्ता दिसे, म्हणजे पुढे दिसणार होता.
एकशे पासष्ट डॉलर.
घासाघीस करायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात त्या म्हणाल्या,
‘मागच्या काचेपाशी यांची टोपी आहे.
ती गाडीबरोबरच जाईल.’
मग कसली घासाघीस.

चारशे तेरा पिंपं.
वर वीस सेंट उरले,
त्याचं अर्धा गॅलन पेट्रोल आलं.
मी सोळा वर्षांची होते. सांगायचं तर
त्या अर्ध्या गॅलनाइतकी श्रीमंती पुन्हा आली नाही.

रविवारी मिसा आटोपल्यावर आई अंगणात उभी,
हातात पर्स, पायात चर्चचे बूट.
‘क्लोथिल्द, मला पुलापलीकडे ने.’
पुढचं दार उघडेना, म्हणून ती मागे बसली,
एखाद्या राज्यपालाच्या बायकोसारखी ताठ,
आणि जागा हवी म्हणून
त्या मेलेल्या माणसाची टोपी उचलून मांडीवर घेतली.
नाक्यावरच्या शिपायानं विचारलं, काय नेताय?
आई म्हणाली, ‘काही नाही. बघायला चाललोय.’

काय बघायला, ते मलाही ठाऊक नव्हतं.
न्यू ब्रन्सविकमधला एक कच्चा रस्ता,
एक पांढरं घर, दोरीवर दुसऱ्याच कुणाच्या चादरी.
‘इथे थांब.’
मी इंजिन बंद करायला गेले, तर म्हणाली, नको, चालू राहू दे.
बंद पडलं की रॅम्बलर रुसायची, हे तिला कसं कळलं?
की तिला उतरायचंच नव्हतं?
आरशात मला फक्त तिची बोटं दिसत होती,
टोपीच्या काठावरून गोल गोल फिरणारी.
पायाखालच्या भोकातून थंडी येत होती.
चादरी गोळा करायला एक बाई बाहेर आली,
आमच्याकडे पाहून तिनं हात डोळ्यांवर धरला.
‘चल,’ आई म्हणाली.

पुलावर आल्यावर ती एवढंच बोलली :
‘बूच घट्ट लाव हिच्या टाकीचं. वास येतो.’

डिसेंबरात इंजिनातलं पाणी गोठलं, ठोकळा चिरला.
भंगारवाल्यानं अकरा डॉलर दिले.
म्हणजे साडेसत्तावीस पिंपं,
पण अर्ध्याचे पैसे कुठे मिळायचे.

नात विचारते, तुझी पहिली गाडी कशी होती गं?
मी रंग सांगते, भोक सांगते, ती हसते.
टोपी माझ्या कपाटात आहे.
तिच्या काठावर एका जागी लोकर झिजलीय,
ती त्या माणसाच्या हातानं की आईच्या,
ते आता विचारायला कुणी नाही.