शिरगणती

माघातली रात्र. काळ्या घोड्याच्या पुलाच्या अलीकडे
आम्ही काठावरून उतरतो, वास येतो त्या बाजूने.
रमणीकने कपाळाला बॅटरी बांधली आहे.
माझ्याकडे वही,
जिच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशेब आहे.

पाण्यावर तांबड्या ठिणग्या.
दोन ठिणग्या म्हणजे एक मगर.
एकच दिसली की रमणीक म्हणतो, "अडधो लखो, काका."
अर्ध्या मगरीची सोय तक्त्यात नाही.

शिरगणती हा शब्द मला इथे पटला.
बाकीचं सगळं पाण्याखाली, वर नुसतं शिर.

एक्याऐंशी साली मी रावपुऱ्यात दारोदार हिंडलो होतो,
सरकारी पिशवी, शाईचे डाग, उंबऱ्यावर पाणी.
बायकांना विचारायचो: मुलं किती झाली?
मग खालचा रकाना: त्यांतली आहेत किती?
पहिला आकडा चटकन यायचा.
दुसऱ्याआधी कुणी पदर सारखा करी,
कुणी आत दूध बघून येई.
घरी आल्यावर कुमुदिनीने विचारलं, आपलं काय लिहिलंस?
दोन, मी म्हणालो. आणि खाली एक.
तिने ताट वाढलं.

वडसरच्या वळणावर एक मादी आहे, शेपटी तुटकी.
गेल्या फाल्गुनात तिने भुसभुशीत मातीत खड्डा केला,
अठ्ठावीस अंडी, रमणीकने लांबून मोजलेली.
नऊ घोरपडीने नेली.
काही कुत्र्यांनी उकरली, ती नदीवर पाणी प्यायला गेली तेवढ्यात.
उरलेल्यांत नर किती, माद्या किती,
ते माती एखाद्या अंशाने किती तापली त्यावर ठरलं,
म्हणजे वरच्या बाभळीची सावली कुणी तोडली त्यावर.
जेठात तिने पिल्लं जबड्यात धरून पाण्यात सोडली,
ज्या जबड्यात महिन्यापूर्वी डुक्कर होतं.
अकरा.
मग बगळा. मग मोठा मासा. मग, मला वाटतं, एक चुलता.
दसऱ्याला तीन.

युनिव्हर्सिटीतली मुलगी आली होती, ऐश्वर्या तांबवेकर,
तिने चहाच्या टपरीवर पेपरच्या कपावर लिहून दाखवलं:
जन्मले वजा मेले, अधिक आले वजा गेले.
"एवढंच असतं, काका."
एवढंच. कप मी खिशात घातला.

पण पोती कुठल्या खात्यात धरू?
मटणवाल्यांची, पहाटे पुलावरून टाकलेली?
गावाने पोसलेली नदी, म्हणून ह्या एवढ्या.
आणि समोरच्या काठाला आता दगडांचं अस्तर चढतंय,
सरळ, स्वच्छ, फिरायला छान,
खड्डा करायला एक वीतही माती नाही.
खायला आहे, वीण घालायला जागा नाही.
आमच्या सोसायटीसारखंच, रमणीक म्हणतो.

भादव्यात पूर आला तेव्हा सामा रोडला
देशपांड्यांच्या स्कूटरखाली एक सापडली, सहा फुटी.
तोंडाला दोरी, डोळ्यांवर ओलं पोतं,
रिक्षात मावेना म्हणून टेम्पो.
मी तिला 'आले'त लिहिलं,
वनखात्याने लांब नेऊन सोडली तेव्हा 'गेले'त.
देवदिवाळीला ती परत, डाव्या डोळ्यावर तोच ओरखडा.
मी रबर शोधत बसलो.

आमचा उरलेला एक विनिपेगला आहे.
तिथली नदी गोठते, असं तो फोनवर सांगतो,
वरून माणसं चालतात.
त्याला मी कुठे लिहू, हे मला कुणी विचारत नाही.

रात्री दीड. वडसर.
बाभळीच्या बुंध्यापाशी एकच ठिणगी.
रमणीक बॅटरी हलवत नाही, मी श्वास धरतो.
ती वळत नाही. बुडतही नाही.

घरी कुमुदिनी जागी. "किती?"
सत्तेचाळीस, मी बूट काढत म्हणतो. आणि एक अर्धी.
"पूर्ण लिही," ती म्हणते,
"दुसरा डोळा असेलच की त्या बाजूला."
दिवा मालवते.

वही उशाशी. पेन्सिल कुठे पडली कोण जाणे.