चाकोरी

कुम हेलिगच्या लार्चच्या रानातली ही वाट
इडवालने तीन हिवाळे खणली,
हँडलबार जाईल एवढीच रुंद.
सकाळी टपाल वाटायचं, दुपारी कुदळ.
दर वीस पावलांवर एक तिरकी खाच,
उताराकडे तोंड केलेली.
"आधी पाण्याला वाट द्यायची," तो म्हणायचा,
"माणसं काय, कुठूनही जातात."

मार्चमध्ये चार दिवस पाऊस लागून होता.
पाचवा दिवस शनिवार.
बंद पडलेल्या स्लेटच्या खाणीपाशी मोटारींची रांग,
टपांवर सायकली.
तिसऱ्या वळणाआधी डबकं साचलेलं.
पहिला डावीकडून गेला, पाय भिजू नयेत म्हणून
(मानेपर्यंत चिखलाने माखला होता).
दुसरा त्याच्याही डावीकडून.
मग बिलबेरीच्या झुडपांवरून.
संध्याकाळी डबकं होतं तेवढंच होतं,
वाट मात्र ट्रॅक्टर जाईल एवढी.

वळणाच्या तोंडाशी सगळ्यांनाच ब्रेक आठवतो,
उशिरा, आणि एकाच जागी.
तिथली जमीन आता पन्हळी पत्रा.

हेलेधने मागचं चाक जाम केलं, घसरवलं,
चिखलाचा पिसारा उडाला.
मैत्रिणीच्या फोनमध्ये सहा सेकंद.
रात्री पुन्हा पाऊस आला
आणि ओळीखाली बोट धरून वाचावं
तसा तो चर त्याने वाचून काढला,
खालच्या ओढ्यापर्यंत.
सकाळी मुळं उघडी, साल निघालेली,
ओल्या हाडासारखी.
मुळांवरून चाक निसटतं
म्हणून रविवारचे सगळे
पुन्हा बाजूने.

चाकोरी सोडा, असं मीही सांगत आलेय,
पंचवीस वर्षं, हातात खडू घेऊन.
हेलेधच्या वर्गालाही.
इथे चाकोरी म्हणजे
एकमेकांना न भेटलेल्या माणसांनी
वीतभर रुंदीत पाळलेला शब्द.
मोडला की आधी शेवाळ जातं. मग माती.
माती कुठे जाते ते ओढ्याच्या रंगावरून कळतं.

त्या शनिवारी सतरावी मी होते.
बूट नवे होते.

मंगळवारी आम्ही चौघं होतो.
हेलेध बादलीतून स्लेटचे तुकडे वाहत होती,
न बोलता, कान लाल.
इडवालने कोणाचं नाव घेतलं नाही.
खाच मोकळी केली, झुडपांतल्या वाटेवर
वाळक्या फांद्या आडव्या टाकल्या,
आणि डबक्यातलं पाणी निम्मं उतरल्यावर
हेलेधला म्हणाला, "आता जा. मधून."

ती वरून आली. ब्रेक लवकर लावला,
हलकेच, दोन्ही हातांनी,
आणि वळणाआधीच सोडून दिला.
चाकं नुसती फिरत राहिली.
पाणी घोट्यापर्यंत उडालं, मिटलं.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही.
ती गेल्यावर जमिनीकडे पाहिलं, बराच वेळ.
मग माझ्या बुटांकडे.