अक्काचं उत्तर

अंबादास, तू विचारलंस,
औलीतच राहू की डेहराडूनला खोली घेऊ,
तेव्हा मी गच्चीवर धुण्याचं उरलेलं पाणी शिंपत होते.
फरशी पायाला चटकत होती,
पाणी पडलं की लगेच वाफ.
आणि तू बर्फाचं मला विचारतोस!
मी बर्फ बघितलाय तो अशोक चौकात,
गोळेवाल्याच्या गाडीखाली, भुशाच्या पोत्यात.

तरी ऐकलं सगळं.
दार उघडलं की उतार.
रात्री पडलेल्या बर्फावर सकाळची पहिली रेघ आपली,
कोल्हा आधी गेला नसेल तर.
आणि हंगामात भाडं तिप्पट,
भाजी खालून येते, रस्ता बंद झाला की येत नाही,
मे महिन्यात धंदा नाही, माणूस नाही,
हॉटेलांच्या खिडक्यांना पुठ्ठे.
बिमलाला सातवा लागलाय
आणि दवाखाना डोंगराच्या पायथ्याशी.
डेहराडूनला सगळं आहे, म्हणालास.
नोकरी, डॉक्टर, शाळा.
बर्फ तेवढा दहा तासांवर.
शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी डोळे चोळत कामावर.

नान्नज आठवतं का बे?
नायनांनी आपल्याला टमटममधून नेलं होतं,
माळढोक बघायला.
दिसला नाही.
काळवीट दिसले, लांब, आणि गवत,
गुडघ्याएवढं, वाळलेल्या भाकरीच्या रंगाचं.
तिथल्या भागवत गवळ्याचं दारच माळावर उघडायचं.
नायना म्हणाले, तुम्हाला रोज दिसत असेल.
तो म्हणाला, रोज म्हशी दिसतात.
आपण टमटममध्ये पोट धरून हसलो.
पण निघताना त्यानंच हात वर केला,
जिकडं काहीच नव्हतं तिकडं बघत बोलला,
आज ते ओढ्यापलीकडं गेलंय. वारं फिरलंय.
सोलापुराहून पहाटे गाड्या घेऊन यायचे
त्यांच्याजवळ फोटो आहेत.
भागवतजवळ एक नाही.
कुणाजवळ जास्त आहे, मला अजून कळलेलं नाही.

माग घरात होता तेव्हाचं सांगते.
भातात सूत, केसात सूत,
तुझ्या गणिताच्या वहीत सूत.
खटखट थांबली की आपण जागे व्हायचो,
म्हणजे धागा तुटला, नाहीतर लाइट गेली.
किती शिव्या घातल्या मी त्या मागाला!
मग तो अक्कलकोट रोडला गेला, एमआयडीसीत,
आता मी आठला जाते, पाचला येते,
घर स्वच्छ, खोकला कमी.
पहिल्या रात्री मात्र कुणालाच झोप लागली नाही.
नायना उठले, अंधारात जाऊन बसले.
फरशीत बोल्टांची चार भोकं राहिली होती,
त्यात एकेक बोट घालून बघत होते.

तेव्हा कुठं राहा, ते मला सांगता यायचं नाही, तम्मा.
एक सांग फक्त.
बर्फ पडताना आवाज येत नाही म्हणतोस,
उलट बाकीचे आवाज जातात.
त्यानं जाग येते का तुला?
येत असेल, तर डेहराडूनच्या खोलीत
तू फरशी चाचपशील,
जिथं बोल्ट कधी नव्हतेच.

आणि बिमलाला विचारलंस?
तिला घसरायला आवडतं,
की ती नुसते तुझे ओले मोजे शेगडीवर वाळवते?
लग्नाला दोन वर्षं झाली, मला हे माहीत नाही.
तुला असावं.

बाळासाठी चादर काढून ठेवलीय, मोराची.
औलीला पुरायची नाही, डेहराडूनला पुरेल.
याचा काही अर्थ काढू नकोस,
मोठी संपली होती.

बरं, ठेवते.
नळाला पाणी आलं, चौथ्या दिवशी.
खालच्या बाईनं मोटर लावायच्या आत
बादल्या भरू दे मला.