उपाशी निळं

चिरेखाणीचं यंत्र सड्यावर पोचायच्या आदल्या सांजेला
मी सीतेची आसवं उचलली,
तव्याएवढ्या कपच्यासकट,
आणि देवगडात, भाड्याच्या खोलीच्या मागल्या पायरीवर
परातीत ठेवली.

मायेनं मूठभर शेणखत घातलं.
तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या.

गुरं हाकत चाललेला बाबलो थांबला, हसला:
"तेका काय घालू नको गो.
उपाशीच वाढता ता."

धुऊन धुऊन खत काढलं.
पुढच्या पावसात नुसतं पाणी, तेही पेरभर,
साचू द्यायचं नाही, पळू द्यायचं नाही.
बाकी हात पदरात.
हे मला चाळीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.
पुण्याहून मुलगा म्हणतो,
आई, दिवसाला एकच फोन कर.

भाद्रपदात पाच आली.
नखाएवढी निळी. मी मोजली,
शिवली नाहीत.

दसऱ्याला परातीत फक्त धूळ.
घरमालकीण म्हणाली, घासून ठेवू का,
पाहुणे यायचेत, पिठाला होईल.

नको, म्हटलं.
आणि खारा वारा उडवून नेईल म्हणून
धुळीवर सूप पालथं घातलं.