नेढ्यातलं कुसळ

दोरा सरळ तुटत नव्हता.
तुटला असता तर समजले असते मी,
एक टोक इथं, एक टोक तिथं,
गाठ मारायची, पुढं जायचं.
हा पिंजत होता.
वीसएक टाके नीट, मग अंगावर लव,
मग नेढ्यापाशी कापसाची बारकी मिशी,
आणि मशीन आपलं शिवतंय,
टक टक टक,
कापडावर नुसती भोकं.

साखळीत, भुसारी दुकानाच्या वर माझी खोली.
सत्यवान घाडींनी बारा शर्ट आणून टाकले होते,
खाकी, खाणीवरच्या ट्रकच्या दिवसांतले.
‘वाकळ कर. पोरीच्या पोराला.
मशीनवरच कर, हातानं वर्ष लावशील.’
आणि जिना उतरून गेले. आता शाळेची बस चालवतात,
घंटेचे बांधील.

शर्ट मी तीनदा धुतले.
पहिलं पाणी विटेसारखं, दुसरं चहासारखं,
तिसऱ्याला मी म्हटलं, पुरे.

मग सगळ्यांवर आळ घेतला.
आधी रिळावर: म्हापशाच्या शुक्रवारचं, स्वस्तातलं.
आईच्या डब्यातलं जुनं काढलं,
ते तर बोटानं ओढलं तरी सुटत होतं.
मग टेन्शनवर. स्क्रू इतका सैल केला
की वाकळीखाली वेटोळी लोंबू लागली.
मग स्वतःवर: पाय संथ नि हात पळतात,
सुई वाकते, ओढली जाते.
हे खरंही होतं थोडं.

शनिवारी कायतान मेस्त आला.
स्कूटरच्या डिकीत पेचकस, तेलाची कुपी,
आणि बायकोचा फाटका नायलॉनचा मोजा.
मशीन उघडलंच नाही त्यानं.
मोजा बोटावर चढवून
पाटीच्या भोकाच्या कडेनं फिरवला.
अडकला.
‘हांगा,’ म्हणाला.
मग सुई काढून खिडकीकडे धरली.
‘सुयेक दोळो आसा गो, पळय.’

पाहिलं. नेढ्याच्या काठाला कुसळ.
मी चार दिवस मुसळ शोधत होते.

अकरा नंबरची सुई,
तीन थर, मध्ये कापूस,
आणि शिवणींत अजून बसलेली खाण:
कॉलरच्या पोटात, खिशाच्या कोपऱ्यात
डिचोलीच्या रस्त्याची लाल धूळ,
तिसऱ्या पाण्यालाही न सुटलेली.
दोऱ्याचा एकेक तुकडा टाक्यात बसण्याआधी
पन्नासदा नेढ्यातून वरखाली होतो, मेस्त म्हणाला.
पन्नासदा!
पुढं काही म्हणेल वाटलं,
त्यानं चहा मागितला.

पाटीची कड पॉलिश पेपरनं घासली.
सोळाची सुई लावली.
रीळ खांबावरून काढून
मशीनमागं काचेच्या पेल्यात सोडलं,
नाचू दे म्हणाला मोकळं.
शटलच्या कुशीतून चिमटाभर पिंज निघाली.
शर्ट खाकी, दोरा पांढरा,
पिंज गुलाबी.

तो गेल्यावर शिवलेलं सगळं उसवलं.
कॉलरी उलटल्या, खिसे सोडवले,
चौथं पाणी दिलं, पाचवंही.
गच्चीवर दोन उन्हं खाल्ली शर्टांनी.
मग पुन्हा थर लावले,
पाय थोडा जोरात, हात थोडे मागं.
वीस टाके. चाळीस.
मोजत होते.
दोनशेच्या पुढं कधीतरी विसरले.

घाडी आले, वाकळ उलटीपालटी केली.
एका खिशावर बोट थांबलं,
रिकाम्या भोकांची रांग.
‘हे काय?’
पहिल्या दिवसाची, म्हटलं. धुतली की मिटतील.
त्यांनी कोपरा नाकाशी नेला.
‘गेला गो वास,’ म्हणाले,
तक्रार होती की काय, कळलं नाही.
खाली बसमध्ये कुणा पोरानं हॉर्न दाबून धरला.
घाईनं पैसे मोजले, वीस जास्तच आले,
मागायला अजून आलेले नाहीत.

अकराची ती सुई मी टाकलेली नाही.
उशीत टोचून ठेवलीय, नेढं वर.
ब्लाउजलासुद्धा चालणार नाही ती.