राहिलेला ळ

सोहारच्या मागे, स्मेल्टरच्या रस्त्याला,
कोरड्या वादीत आमचं ग्राउंड.
शुक्रवारी असरनंतर आधी दगड वेचायचे,
मग शेळ्या हाकलायच्या, मग मॅच.
एका गोलला पाइपांचे तुकडे,
दुसऱ्याला कुणाच्या तरी चपला.

गुडघ्याला पट्टा बांधून मी मागे उभा असतो.
सेहेचाळीस वय. पळायचं ते पोरांनी पळावं.
गोलीत तिरूरचा अनीस. माझं आडनाव
इथं त्याच्या एकट्याच्या तोंडात नीट बसतं: माळकर.
बताक्यावर, पगाराच्या पावतीवर, फोरमनच्या हाकेत
मी मालकर, माल्कर, मिस्टर माल.
"ळ आमच्याकडेही आहे," अनीस म्हणतो,
घरच्या लोणच्याबद्दल बोलावं तसं.

सोमवारी फोन आला.
"दाभोळे बोलतोय. जिमखान्याचा."
लेक इथं नर्स आहे, तिच्याकडे तीन महिने आलोय, म्हणाले.
मी बंदरावर, क्रेनच्या केबिनमध्ये,
खाली हुकाला कंटेनर लोंबकळत.
म्हटलं, नंतर करतो, सर.
केला नाही.

पंचवीस वर्षं त्या कॉलेजला मी काहीच केलं नाही.
माजी विद्यार्थ्यांचं पत्र आलं, फाडलं.
कोल्हापुरात गेलो की रिक्षावाल्याला आधीच सांगायचं,
त्या गेटावरनं नको, लांबनं घे.

झालं होतं एवढंच:
विद्यापीठाच्या स्पर्धेआधीच्या रविवारी
मी पेठेकडून खेळलो, दुसऱ्याच्या नावानं.
दोनशे रुपये आणि रात्री मटण.
दोन गोल मारले
दिलीप नावाच्या पोरानं,
जो त्या दिवशी गारगोटीला मामाच्या लग्नात वाढपी होता.
कुणीतरी जाऊन सांगितलं.
कमिटी बसली, सह्या झाल्या, दाखला अडकला,
आणि जिमखान्याच्या फळ्यावरचं माझं नाव
शिपायानं ब्लेडनं खरवडलं.
मी खिडकीबाहेर उभा होतो.
तो आवाज अजून दातांत आहे.

शुक्रवारी पांढरी गाडी वादीत उतरली.
सर. केस गेलेले, बूट तेच कॅनव्हासचे,
म्हणजे तसलेच.
बर्फाची पेटी उलटी करून दिली, बसले.
मी पाया पडलो नाही. गुडघ्याचं निमित्त होतं.

हाफटाइमला पाणी पिताना म्हणाले,
"त्या रविवारी मी होतो रे तिथं. गर्दीत.
तुझा दुसरा गोल, डाव्या पायाचा.
उभा राहून टाळ्या वाजवल्या मी."
घोट गिळला.
"आणि बुधवारी सही केली."

वादीत वारा नव्हता.
एक शेळी परत मैदानात आली,
तिला कुणी हाकललं नाही.
पंचवीस वर्षं घोकलेली वाक्यं होती माझ्याकडे,
शिव्यांसकट, क्रमानं.
एकही सापडेना.
"मटण बरं होतं," एवढंच बोललो.
आणि म्हातारा हसला, खोकेपर्यंत हसला.

मग त्यांनी फोन काढला. फळा नव्यानं रंगवलाय.
सन, नाव, खेळ. बोटांनी मोठं करून दाखवलं.
अनीस खांद्यावरून डोकावला,
शाळेत हिंदी शिकलेला माणूस,
एकेक अक्षर लावत वाचलं त्यानं
आणि माझ्याकडे बघितलं: "मालकर?"

सरांनी चष्मा पुसला. परत बघितलं.
"ळ राहिला की लेका," म्हणाले,
"पेंटर नवीन आहे."
माझ्या पोटातून काहीतरी वर आलं,
मला वाटलं राग असेल, तयारच होतो.
हसूच होतं.
"राहू दे सर. डिसेंबरात सुट्टी आहे.
मी येतो. पेंटरला मीच सांगतो."

दुसऱ्या हाफला रेफरी नव्हता, शिट्टी त्यांच्या हातात दिली.
चार मिनिटं झाली नसतील,
पहिलाच फाउल माझ्यावर.
नव्हता तो फाउल.
मगरिबची बांग होईपर्यंत आम्ही भांडलो.