डावी बाजू

बेडकिहाळात सदाशिव खोताच्या नातीचं बारसं.
मंडप शाळेच्या पटांगणात, पंक्ती तीन,
आणि किसणीवर मी.
दोन बुट्ट्या गाजरं, मातीसकट आलेली.
माती मी चार पाण्यांनी धुतली.
मातीचं मला कळतं.

आदल्या रात्री तीनदा उठून बाहेर गेले होते.
पहाटे पोट निवलं.
आचाऱ्याला म्हटलं, होय की वो, येते.
साडेतीनशे रुपये हजेरी
कोण सोडणार?

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात
सतरंज्या पुरेनात.
गोकाककडचा डॉक्टर कानडीतनं विचारी,
नर्स नीलव्वा मराठीत सांगे,
आणि माणसं नुसती बोटं वर करत:
चारदा. सातदा.
एकाने दोन्ही हात वर केले, तसाच बसला.

बेळगावला नमुने गेले:
आडाचं पाणी, बासुंदी, कुंद्याचा रिकामा खोका.
भात, आमटी, मठ्ठा, सगळ्यांना कागदावर रकाने होते.
पानाच्या डाव्या बाजूची चिमूटभर कोशिंबीर,
ती कुणी जेवणात धरत नाही.

जिनगोंडा चौगुल्याच्या घरातले सातही जण ठणठणीत.
एकाच पंक्तीला बसलेले, आडाचं तेच पाणी प्यालेले.
लोक म्हणाले, पुण्याई.
मी भांडी घासत होते.
हातातली कढई खाली ठेवली.
जैनाचं घर. जमिनीखालचं खात नाहीत.

नीलव्वाने मागं एकदा अंगणवाडीत सांगितलेलं,
उकळलं की ते मरतं,
कच्च्यात मात्र बसून राहतं.
बाटलीतल्या जेलला फारसं भीत नाही.
नखाखाली मावेल एवढ्यात
अख्खी गल्ली आडवी होईल.
तेव्हा आम्ही हसलो होतो.
कुणीतरी तिला नखं दाखवलीसुद्धा,
मेंदीची.

बाळाला काही झालं नाही, अंगावर पितंय अजून.
त्याच्या आईला दोन बाटल्या सलाईन.
नाव काय ठेवलं ते मला ऐकू आलं नाही.
मी लिंबू पिळत होते.

चिकोडीच्या शिवबसू हलवायाचं शटर
अकरा दिवस खाली होतं.
कुणी त्यावर कोळशाने काही लिहिलं, कुणी पुसलं.
परवा उघडलं.
मी पाव किलो कुंदा घेतला. खायचा नव्हता.
त्याने हात पुढे केला,
मी पैसे फळीवर ठेवले.